कुंडीतली वाळू

चाक निसटलं, स्केटिंग रिंकच्या कठड्याखालून गडगडत बाहेर आलं आणि दुरुस्तीवाल्याच्या स्टुलाला टेकून थांबलं. मागोमाग ती आली. एका पायात स्केट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"तुमचं?"

"माझंच..."

त्याने चाक कानाशी धरून फिरवलं. आतून कर्र आवाज आला.

"बेअरिंग धुतलंत?"

"अगदी स्वच्छ! शॅम्पू लावून."

"कंडिशनर तेवढा राहिला वाटतं," तो गंभीरपणे म्हणाला. "याला पाणी लावायचं नसतं हो. गंज धरलाय."

ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. तिशीला टेकल्यावर तिने स्केटिंग शिकायचं काढलं, तेव्हा सल्ले मात्र फुकट आणि भरपूर मिळाले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हाडं मोजून ठेव." ती जिच्याकडे राहायची ती आत्या म्हणाली, "पड, पण मला फोन करू नकोस, माझी दुपारची झोप असते."

दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला नाही. आठही चाकं काढून त्याने ओळीने मांडली. "ही उजव्या पायाची. आतली जास्त झिजलीत, बघा. पडायची भीती वाटली की तुम्ही हा पाय आत ओढता."

भीतीचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने आतली चाकं बाहेर लावली, बाहेरची आत, बेअरिंग नवं घातलं. त्या संध्याकाळी कठड्याला हात न लावता तिने अख्खी फेरी मारली. बाहेर आली तेव्हा त्याने आपला चहा तिच्यापुढे सरकवला. आभार मानायला तोंड उघडलं... आणि निघालं ते, 'साखर कमी आहे.' चहा मात्र तिने सगळा प्यायला.

मग दर शनिवारी शिकवणी. चाकं पुसायची, जागा बदलायच्या. बेअरिंग क्लीनरमध्ये बुडवायचं, पूर्ण सुकवायचं, तेलाचा एकच थेंब. नटाची वेळ आली की तो पाना काढून घ्यायचा. "राहू द्या, ते मी करतो."

पोरगी हुशार. भराभर शिकली आणि तिथेच फसली. एका शनिवारी तो पान्याकडे बघत म्हणाला, "आता तुम्हाला सगळं येतं. मुद्दाम यायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि रस्ताभर स्वतःला शिव्या देत घरी गेली.

पुढच्या शनिवारी ती हजर. "कर्र वाजतंय."

त्याच्या पुढच्याही. "पुन्हा वाजतंय... कमाल आहे ना?"

तिसऱ्या खेपेला त्याने बेअरिंग पांढऱ्या कागदावर आपटलं. वाळू पडली. वाळूत मुळाचा एक बारीक तंतू.

"रिंकची फरशी लाकडी आहे. रोज झाडतात. ही वाळू कुठली?"

"रस्त्यावरची असेल."

"रस्त्यावर कुंड्या उगवतात?"

तिचे कान तापले. "आत्याचा मनीप्लांट आहे," ती पुटपुटली. "चमचाभरच घेतली... चाकांना त्रास दिला, चुकलंच माझं. पण दुसरं कारण सुचेना."

"कारण कशाला हवं होतं?"

"वा! यायची गरज नाही, असं कोण म्हणालं?"

"तरीही येईन म्हणाल, असं वाटलं होतं. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. आठवडाभर जेवण गेलं नाही मला." त्याने कागदावरची वाळू झटकली. "आणि... सगळं येतं, हे खोटं होतं. नट कुठे शिकवला?"

"खरंच की! का नाही शिकवलात?"

"हातचा राखला होता. चाक काढाल, लावायला अडाल, मग याल..."

दोघंही लबाड निघाली. तिला चाकांना वाळू चारायची बुद्धी, आणि त्याला धडा लपवायची! ती इतकी हसली की स्टूल डगमगलं.

त्याने पाना तिच्या हातात दिला. वरून आपला हात ठेवला. "आवळा... आणखी... आता किंचित मागे. बस."

चाक भिरभिरत राहिलं. आवाज नाही. ते थांबेपर्यंत दोघं त्याच्याकडेच बघत बसली, कारण एकमेकांकडे बघायचं धाडस अजून व्हायचं होतं.

"आता काहीच शिकायचं उरलं नाही," ती म्हणाली.

"मग आता नुसतंच यावं लागेल."

"येईन," ती या वेळी पटकन म्हणाली. "आणि त्या पहिल्या फेरीचे आभार राहिलेत माझ्याकडे... तू नसतास तर कठडा सुटला नसता माझा."

'तू' ऐकून त्याने तेलाची बाटली सांडली.

रविवारी सकाळी आत्याने दार उघडलं. समोर कडक इस्त्रीच्या शर्टातला तरुण, हातात वाळूची पिशवी.

"कोण हवंय?"

"मनीप्लांट," तो म्हणाला. "आभार मानायचे होते."

आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "म्हणजे माझी कुंडी तुझ्याकडे जात होती तर! आत ये. आधी ती भर, मग चहा."