चार बाइटांत न मावलेला आवाज

शहरालगतच्या सातारा परिसरात त्या उन्हाळ्यात टँकरचा भोंगा वाजला की घरंच्या घरं रस्त्यावर यायची. इंद्रजीत कोरड्या बोअरमध्ये कॅमेरा सोडून पाणी कुठं आहे ते बघून द्यायचा. चित्रीकरणाच्या फाइली तपासणारा प्रोग्राम त्याची भागीदार हिमानीनं सी भाषेत लिहिला होता.

मनकर्णाबाईंच्या बोअरची फाइल प्रोग्रामनं रिकामी ठरवली.

बाई शहरात, उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात समोरच बसल्या होत्या. त्यांच्या शेतावर आता वसाहत उठली होती. बहात्तरच्या दुष्काळात तिथंच विहीर खणताना दरड कोसळली आणि त्यांचे पती आत गाडले गेले. प्रेतही निघालं नाही. बुजवलेल्या विहिरीच्या जागीच बोअर घेतलं होतं.

"पुसून टाकू?" इंद्रजीतनं विचारलं.

"थांब रे," हिमानी प्रोग्राम उघडत म्हणाली.

हिमानीला स्वतःची चूक दिसली. फाइलचा आकार तिनं चार बाइटांच्या व्हेरिएबलमध्ये घेतला होता. चार जीबीच्या वरचा आकडा त्यात मावत नाही. वरचा भाग गळतो आणि अवाढव्य फाइल चिमुकली दिसते. तिनं आठ बाइटांचं व्हेरिएबल घेतलं, आकडा पुरता ताडून पाहिला, मगच पुढं जाऊ दिला. आता खरा आकार आला.

"एवढी मोठी? चहा निवायच्या आत कॅमेरा वर काढला होता मी," इंद्रजीत म्हणाला.

पडद्यावर खडक सरकत गेला, भेगा, कोरडा तळ. मग ऊन, आणि कॅमेरा बंद करणारा इंद्रजीतचा हात.

फाइल संपली नाही.

काळोख. कुदळीचे संथ घाव. खोकला.

"मनकर्णा, दोर सोड."

हिमानीनं घाईनं माउसकडं हात नेला. बाईंनी तो वरच्यावर धरला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. त्येंचाच आवाज हाय."

"आजी, ही नुसती फाइल आहे..."

"व्हय." बाई पडद्याकडं वाकल्या. "दमानं घ्या. सोडते दोर."

कुदळ थांबली.

"लई येळ लावला गं," स्पीकरमधून आवाज आला.

इंद्रजीत भिंतीला टेकला. हिमानीनं काही बंद केलं नाही.

बाईंचे हात एकाआड एक पुढं सरकू लागले, सवयीनं, न चुकता. मुठींत काहीच नव्हतं.

फक्त तळव्यांवर काथ्याचे बारीक धागे चिकटत होते, ओले.