पंधरा आकडे

अनुश्री, तो फोन जरा बाजूले ठेव. अन् तुम्ही पोट्टे इकडं सरका, तिकडं गार वारा येते.

हे माझं कुठून तरी ऐकलेलं नाही. गुलाबराव ठवरे रेल्वेच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं बसला. रजेच्या अर्जातही खरं कारण लिहिणारा माणूस. त्याच्यावर आलेली ही गोष्ट.

साल दोन हजार अकरा. डिसेंबरची सात तारीख, बुधवार. संध्याकाळचे सव्वासात.

आमच्याच ऑफिसात धर्मपाल रामटेके होता. त्याची बायको अपर्णा दहा दिवसांआधी शहराबाहेर तेलीबांध्याच्या पुढं, नव्या राजधानीच्या रस्त्यावर अपघातात गेली. नोकरीवरून स्कूटीनं घरी येऊन राहिली होती. मागून गाडीनं उडवलं, अन् गाडी पळाली. पाहणारा कोणी नाही. गाडीचा रंगसुद्धा कोणाले माहीत नाही. फक्त एक गोष्ट होती. अपर्णाचा मोबाइल तिथं सापडला नाही. अन् त्याच वेळी धर्मपालनं तिले फोन लावला होता. दोनदा वाजला. मग कोणीतरी कापला.

म्हणजे तिथं कोणीतरी उभं होतं.

ठाण्यातले साहेब म्हणाले, "सिम तो फेंक दिया होगा. हँडसेट का आईएमईआई नंबर लाओ, पंद्रह अंक का. नया सिम डालते ही पकड़ में आएगा. कल सुबह से मैं छुट्टी पर हूँ, आज ही दे दो."

काय म्हणते अनुश्री? स्टार हॅश झिरो सिक्स हॅश? हव, दाबलं की येते नंबर. पण त्यासाठी फोन हातात पायजे ना! बॅटरीच्या खाली लिहिलेला असते, तोही फोनसोबतच गेला. राहिला फोनचा डबा. तो चौबे कॉलोनीतल्या घरी, अपर्णाच्या कपाटात असंल तर असंल.

धर्मपाल ठाण्यातल्या बाकावरून उठलाच नाही. कपाटाची किल्ली गुलाबरावच्या हातात देली. "भाऊ, तिचं कपाट माझ्यानं उघडत नाही. तू जा. घरी आई हाये."

गुलाबराव गेला. दार नुसतं लोटलेलं. आत शिरता शिरता त्यानं आवाज देला, "आई, मी गुलाब. कपाट पाहून राहिलो."

मागच्या खोलीतून "हं" आलं. पडली असंल म्हातारी, त्याले वाटलं. भीमाबाई, धर्मपालची आई. सून गेल्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं.

त्यानं कपाट उघडलं. साड्या. ऑफिसचं ओळखपत्र. एक स्वेटर, अर्धा विणलेला, सुया तशाच खोवलेल्या. खालच्या कप्प्यात चार्जर सापडला. सदर बाजारातल्या दुकानाचं बिल सापडलं. बिलावर किंमत होती, मॉडेल होतं, नंबराची जागा कोरी. डबा नाही. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. नाही.

अन् लाइट गेली.

सगळी गल्ली अंधारी. गुलाबरावनं आपला मोबाइल काढला, त्याचा इवलासा उजेड. पावणेआठ वाजून गेले होते. तिकडं साहेब उठून जाईल, हाच घोर त्याले.

"आई," तो मोठ्यानं बोलला, "अपर्णाच्या मोबाइलचा डबा कुठं ठेवला? त्याच्यावर पंधरा आकड्यांचा नंबर असते."



मग मागच्या खोलीतून आवाज आला. बाईचा. सर्दी झाल्यावानी बसलेला.

"लिही."

त्याले हायसं वाटलं. खिशातली डायरी काढली, मोबाइल दातात धरला, पेन घेतला.

"तीन... पाच... नऊ..."

तो लिहून राहिला. एकेक आकडा लांबून आल्यावानी. मधात थांबणं. पुन्हा एक.

"आई, हळू... लिहून राहिलो... हं, पुढं?"

"शून्य..."

चौदाव्या आकड्यापाशी आवाज थांबला. नुसता श्वास. धाप लागल्यावानी.

"पुढं?"

"...आठ."

पंधरा झाले. त्यानं बोटानं मोजले. बरोबर पंधरा. "झालं, आई," तो म्हणाला.



डायरी मिटता मिटता त्याचा हात थांबला. पोस्टातल्या फॉर्मावर भीमाबाईचा अंगठा त्यानंच लावून घेतला होता, मागच्याच महिन्यात.

भीमाबाईले वाचता येत नाही.

आकडासुद्धा नाही.

तो उभा राहिला. मोबाइल समोर धरला. एक पाऊल. दुसरं. खोलीचा पडदा... बाजूले केला.

खाट. घडी केलेली गोधडी. भिंत.

कोणी नाही.

मागून फाटक वाजलं. तो फिरला, तर दारात भीमाबाई, हातात मेणबत्ती.

"गुलाब? अंधारात काहून उभा हायेस? मी शेजारी बसली होती... पाच वाजल्यापासून."

त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "डबा..."

"मोबाइलचा? तो तर कबाडीवाल्याले देला मी. कवाचाच."

गुलाबराव ठाण्यात गेला. साहेबानं विचारलं, "डिब्बा मिल गया?" तो म्हणाला, "मिल गया." आयुष्यात एवढं एकच खोटं.

आठव्या दिवशी फोन सापडला, भाटापाऱ्याले, एका पोट्ट्याजवळ. पोट्ट्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं देला होता. तो जीप चालवायचा. पोलिसानं मारलं नाही, दम देला नाही, नुसता फोन समोर ठेवला तर तो रडाले लागला. अपर्णा जिवंत होती म्हणे. फोन हातात होता तिच्या. वाजून राहिला होता. यानं तो ओढून घेतला... अन् कापला.

सजा झाली त्याले. दीड वर्षानं कोर्टातून फोन धर्मपालले परत भेटला. तो घेऊन आमच्याकडंच आला, एकट्यानं चालू करायची हिंमत नव्हती त्याची. मी, गुलाबराव अन् तो. चार्ज केला. आत तिचे फोटो, तिचे मेसेज. अन् आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये एकच फाइल.

तारीख सात डिसेंबर. वेळ सात अठ्ठेचाळीस.

त्या संध्याकाळी तो फोन भाटापाऱ्याले होता. चौबे कॉलोनीपासून साठ-सत्तर किलोमीटर.

धर्मपालनं बटण दाबलं.

आवाज गुलाबरावचा होता. "आई, हळू... लिहून राहिलो... हं, पुढं?"

दुसरा आवाज नाही. फक्त मधामधात... शांतता.

मी मोजली. पंधरा वेळा.