न मागता आलेली प्लेट

प्लेट समोर आली तेव्हा मी मान वरही केली नव्हती. वहीत लिहीत होते – हैदराबाद, कोठी भाग, इराणी हॉटेल, संगमरवरी टेबलं, चहा दाट आणि गोड... आणि कपाशेजारी खट्‌कन आवाज झाला. बघते तर बिस्किटांची प्लेट. गोल, सोनेरी, मोजून आठ. मी तर फक्त चहा मागितला होता!

मग मान वर केली. समोरच्या टेबलावर निळ्या चौकटीच्या शर्टातला एक तरुण बसला होता. पायाशी दोरीनं बांधलेले पुस्तकांचे दोन गठ्ठे. आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.

झालं! मी पुण्याची, सव्वीस वर्षांची, गावोगाव एकटी फिरणारी. असली हसणी मला चांगली ठाऊक होती. मी उठले, प्लेट उचलली, त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि हिंदीत ठणकावलं, "मैं अनजान लोगों के बिस्कुट नहीं खाती."

त्यानं प्लेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "अहो मॅडम, मी कायकू भेजू? इथं न मागताच ठेवतात."

"न मागता?"

"हौ. चहा आला की प्लेट येते. खायचं तर खायचं, नक्को तर हात नाही लावायचा. चाचा येतात, उचलून नेतात. कुणाला राग नाही, काही नाही."

मी आजूबाजूला नजर फिरवली. प्रत्येक टेबलावर तशीच प्लेट होती. त्याच्याही टेबलावर होती, आणि माझ्या कृपेनं आता दोन होत्या. कानापर्यंत लाल होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण मी काही लगेच हार मानणारी नव्हे.

"मग हसत का होता तुम्ही?"

"लिहिताना तुमची जीभ बाहेर येते," तो म्हणाला. "थोडीशीच... इथून."

त्यानं स्वतःच्या ओठाचा कोपरा दाखवला. मी तोंड घट्ट मिटलं. मग मलाच हसू फुटलं आणि मी त्याच्या समोरची खुर्ची ओढली.

त्याचं नाव किशोर. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकऱ्यांचं; पण आजोबा निजामाच्या वेळी इथं आले ते इथलेच झाले. वडिलांचं, हिम्मतरावांचं, कोठीत जुन्या पुस्तकांचं दुकान. "आधी कादंबऱ्या विकायचो. आता सगळं गाव कॉम्प्युटर शिकतंय, म्हणून सगळी कॉम्प्युटरची पुस्तकं," तो म्हणाला. "पोरं पुस्तक घेऊन जातात, सहा महिन्यांनी अमेरिकेला जायच्या आधी आम्हालाच परत विकतात. चांगला धंदा आहे."

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता तो. लोकांच्या कमरेला पेजर लटकू लागले होते आणि सुट्टीत देवदर्शनाखेरीज नुसतं गाव बघायला जायची नवी हौस मध्यमवर्गाला लागली होती. त्या हौसेवर डोळा ठेवून पुण्याच्या एका प्रकाशकानं छोटी छोटी पुस्तकं काढायचं ठरवलं होतं – कुठल्या गावात काय खावं, कुठे बसून खावं. खाण्याचं आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे. इंदूर झालं होतं. हैदराबादला बारा दिवस, मग पुण्यात पंधरा दिवस लिखाण, आणि मग लखनौ.

"बारा दिवसांत हैदराबाद?" किशोर कपाळावर हात मारत म्हणाला. "मॅडम, बारा दिवस तर चहालाच लागतात. आणि तुम्ही काहीतरी चुकीचं छापणार, पुण्याचे लोक इथं येऊन आम्हाला शिव्या देणार. नक्को. मीच दाखवतो."

"आणि दुकान?"

"बाबा आहेत. माझ्याशिवाय त्यांना शांत वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंबरपेठेत कुसुमताईंच्या दारात त्याची चेतक फटफटली. कुसुमताई आईची शाळेतली मैत्रीण. मी त्यांच्याकडे उतरले होते. त्यांनी गॅलरीतून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "प्रणिता, स्वेटर घाल गं. स्कूटरवर गार लागतं."

गार लागलंच. नाक बधिर झालेलं असताना आम्ही एका इडलीच्या हातगाडीसमोर उभे राहिलो. इथे गाडीला बंडी म्हणतात. इडलीवर तिखट पूड, त्यावर तुपाची धार. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाणी देऊ?"

"नको. हे... हे लिहायचंय मला. थांबा."

"डोळे पुसून लिहा. अक्षर पसरेल."

असे दिवस सुरू झाले. मुगाचा हिरवागार पेसरट्टू डोसा, त्याच्या पोटात उपमा. जर्दाळू मुरवून केलेलं खुबानीचं मीठं, ज्याची दुसरी वाटी मागताना मला लाज वाटली आणि तिसरी मागताना वाटली नाही. आंबट डाळ कशी भाताच्या मध्ये खड्डा करून घ्यायची ते त्यानं स्वतःच्या ताटात करून दाखवलं. मी वाद घालायची, चिंच जास्त आहे म्हणायची. तो म्हणायचा, "लाइट घ्या मॅडम," म्हणजे मनावर घेऊ नका. रोजचा शेवट मात्र कोठीतच व्हायचा. त्याच टेबलावर युसूफचाचा चहा आणायचे आणि न मागता प्लेट ठेवायचे. ठेवताना दर वेळी मिश्किलपणे म्हणायचे, "किशोरमियाँ ने नहीं भेजे, बेटा. मैं लाया हूँ."

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही नामपल्लीच्या नुमाइशीत गेलो. दरवर्षी भरणारं ते भलंमोठं प्रदर्शन. अख्खं शहर तिथे लोटलं होतं. काश्मिरी शालींच्या दुकानासमोर गर्दीचा लोंढा आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. गर्दी सरली तरी धरलेलंच होतं. आम्ही दोघंही त्याकडे न बघता मिरची भज्यांच्या दुकानापर्यंत चालत गेलो. भजी घ्यायला हात लागतो म्हणून त्यानं तो सोडला. त्या भज्यांचा मला इतका राग आला की विचारू नका.

"काय झालं? तिखट आहे?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

त्या दिवशी घरी जाताना मला कळलं की आपलं काही खरं नाही. मी गावं मागे टाकण्यात तरबेज होते. इंदूर सोडताना वळूनही पाहिलं नव्हतं. आता लखनौचं नाव निघालं की मी विषय बदलत होते. तीन दिवस उरले होते, आणि किशोरला सांगितलं नाही तर मी हे कायमचं हरवून बसणार होते. पण सांगणार कसं? बोलायला लागले की मी भांडते. मला जमतं ते फक्त लिहिणं.

म्हणून मी लिहिलं. हैदराबादचं प्रकरण तीन पानांत बसवलं, त्याला चौथं पान जोडलं. ते पुस्तकासाठी नव्हतं. दहाव्या दिवशी चारही पानं त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचून बघा. चुका सांगा. आणि... शेवटपर्यंत वाचा."

त्यानं पानं दोन्ही हातांनी घेतली. त्याचा चेहरा जरा विचित्र झाला होता, पण मी माझ्याच धडधडीत होते.

अकराव्या दिवशी मी अर्धा तास आधीच हॉटेलात जाऊन बसले. तो आला. बसला. चहा आला, प्लेट आली.

"वाचलंत?"

"हौ. मस्त लिहिलंय. ते इडलीचं तर एकदम मस्त."

"आणि शेवट?"

त्यानं बिस्किटाचा तुकडा केला. तुकड्याचा आणखी तुकडा केला. "शेवट पण... मस्त आहे."

"एवढंच?"

"चूक काही नाही त्याच्यात," तो खाली बघत म्हणाला.

चूक काही नाही! मी माझं काळीज कागदावर ठेवलं होतं, आणि हा माणूस परीक्षकासारखा पास करत होता! मी डोकं दुखतं म्हणून उठले, रिक्षा केली आणि अंबरपेठ गाठलं. जेवायला बसले तर कुसुमताई वाढता वाढता थबकल्या.

"अगंबाई, आज घरी जेवतेस? भांडलात वाटतं."

"भांडायला बोलावं लागतं, मावशी."

"मग बोल की. पुण्याची ना तू?" त्या म्हणाल्या आणि पोळीवर तूप जरा जास्तच घातलं.

बाराव्या दिवशी दुपारी पावणेतीनची पुण्याची गाडी होती, नामपल्लीहून. आमच्या संपादकांसाठी बिस्किटांचा डबा घ्यायचा राहिला होता, हे कारण खरंच होतं. बॅग घेऊन एक वाजता मी कोठीत उतरले. ठरवलं होतं, गल्ल्यावर डबा घ्यायचा आणि आत बघायचंसुद्धा नाही.

आत बघितलं. तो आमच्याच टेबलावर बसला होता. समोर माझी पानं पसरलेली, कानावर पेन्सिल, एक बोट ओळीखाली. ओठ हलत होते. मी अगदी जवळ गेले तरी त्याला पत्ता नव्हता. माझ्या अक्षरांच्या डोक्यावर जागोजागी पेन्सिलीनं बारीक तेलुगू अक्षरं काढलेली होती.

"हे काय?"

तो दचकून उभाच राहिला. पानं छातीशी धरली. मग हळूहळू परत टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी काल खोटं बोललो," तो म्हणाला. "मी अजून तिसऱ्या पानावरच आहे."

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"शाळेत तेलुगू आणि इंग्लिश होतं. मराठी घरी बोलतो, बस. छापलेलं असलं तर हल्लूहल्लू वाचतो. लग्नपत्रिका वाचतो. पण तुमचं अक्षर..." त्यानं हवेत बोटानं वेटोळी काढली. "जिलबी आहे. दोन रात्री बसलोय. तुम्ही लिहिणाऱ्या बाई. तुम्हाला कसं सांगणार, की पुस्तकं विकणाऱ्याला स्वतःची भाषा वाचता येत नाही? शरम वाटली."

कालपासूनचा माझा राग क्षणात कुठल्या कुठे गेला. दोन रात्री! माझ्या जिलब्यांसाठी!

"कुणाकडून तरी वाचून घ्यायचं होतंत," मी म्हणाले.

"घेणारच होतो. काल बाबांना म्हणालो, चौथं पान तेवढं वाचून दाखवा. त्यांना चष्मा सापडला नाही."

मी खुर्ची ओढून बसले. हिम्मतरावांच्या त्या चष्म्याला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

"गाडीला वेळ आहे ना? मग शेवटचं पान तुम्हीच वाचून दाखवा," त्यानं ते पान माझ्याकडे सरकवलं.

"मी? छे! मला... नाही जमणार."

"तुम्हीच लिहिलंय!"

"म्हणूनच. तुम्ही वाचा. मोठ्यानं. मी थांबते."

युसूफचाचांनी चहा आणला आणि प्लेट ठेवली. आज ते पानांकडे एक नजर टाकून निघून गेले. किशोरनं बोट ओळीखाली टेकवलं.

"'या... गावात... एक... रीत... आहे,'" तो वाचू लागला. "'न मागता... समोर... ठेवतात. खायचं... तर... खा. नको... तर... राहू द्या. कुणी... रा... राग...'"

"रागावत," मी टेबलाकडे बघत म्हणाले.

"'रागावत नाही. मीही... आज... तुमच्या... समोर... एक... गोष्ट... ठेवते आहे.'" त्याचं बोट थांबलं. परत चालू लागलं, आता आणखी हळू. "'मला... तुम्ही... आवडता. फार... आवडता. नको... असेल... तर... हात... लावू नका. मी... रागावणार... नाही. फक्त... लखनौला... जाऊन... थोडी... रडेन.'"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी बशीत चहा ओतत होतं. मी वर बघितलं. किशोरचे कान लाल झाले होते. त्यानं तेच वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं, ओठ हलवत. दुसऱ्यांदा त्याला ते अडलं नाही.

युसूफचाचा प्लेट उचलायला आले. किशोरनं चट्‌कन तिच्यावर हात ठेवला.

"नक्को चाचा. वापस नक्को ले जाओ," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "पूरी प्लेट हमारी."

आम्ही आठच्या आठ खाल्ली. शेवटचं बिस्कीट त्यानं मोडलं आणि मोठा अर्धा मला दिला.

"पण मला उत्तर हवंय," मी डोळे पुसत म्हणाले. "शब्दांत."

"देतो ना. लिहून देतो, मराठीत. तुम्ही मला दोन रात्री जागवलंत, आता तुम्ही थोडी वाट बघा."

स्टेशनवर त्यानं माझा पुण्याचा पत्ता लिहून घेतला आणि बॅग चढवली. गाडी हलली तेव्हा मी दारातून वळून पाहिलं, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. संपादकांचा डबा कोठीतच राहिला होता.

पत्र पुण्याला यायला नऊ दिवस लागले. आतला कागद खोडरबरानं इतका घासला होता की पलीकडचं दिसत होतं. मोठी, सुटी, पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं. उण्यापुऱ्या दोन ओळी. मी त्या जिन्यातच उभ्या उभ्या वाचल्या आणि लखनौचं तिकीट रद्द करायला निघाले.

'प्रणिता, मला पण तू फार आवडतेस.
ये. प्लेट ठेवली आहे.'