मस्यू ब्रेसांज यांच्या उदाहरणातलं मूल

मस्यू ब्रेसांज आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सांगत आणि मी लिहून घेई. पॅरिसच्या सें-जाक रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, सकाळी आठ ते अकरा. खाली कोबीवाल्यांची भांडणं, शेगडीवर कॉफी. माझे यजमान तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतात. दोघांचेही हात अडकलेले, म्हणून आमचा बास्त्यां जन्मल्यावर चौथ्या दिवशीच दूर पिकार्डीतल्या एका गावी, जावोत नावाच्या दूधआईकडे दूध प्यायला गेला. आमच्या गल्लीतली सगळी मुलं अशीच जातात. माझं दूध आटायला तीन आठवडे लागले. तोवर छातीला फडकं बांधून मी लिहीत होते.

माणसाला जे कळतं ते इंद्रियांतूनच, हे मस्यूंना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी एकेक इंद्रिय काढून घ्यायचं आणि शेवटच्या प्रकरणात सगळी परत द्यायची.

"बाकीचे तत्त्वज्ञ उदाहरणाला पुतळा घेतात," ते म्हणाले. "पुतळ्याची कुणाला दया येणार? आपण मूल घेऊ. तुमचं कसं आहे हो, मादाम लॉर्मिये?"

मला आनंदच झाला. चार दिवसांत पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं. कानाच्या पाळीवरची लव, झोपेतही उघडी राहणारी डावी मूठ. त्यांनी शब्द न् शब्द घातला.

बारा मार्चला त्यांनी उदाहरणातल्या मुलाची वासाची जाणीव काढून घेतली. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. जावोतला लिहिता येत नाही, गावचे पाद्रीबुवा लिहून देतात. बारा तारखेपासून बाळ दूध शोधत नाही, तोंडात द्यावं लागतं. मला वाटलं, सर्दी असेल.

एकोणीसला कान गेले. पत्र आलं: एकोणीसला बाळामागे पातेलं पडलं, ते दचकलं नाही.

दोन्ही पत्रं मी हस्तलिखिताशेजारी ठेवली. पॅरिसहून तिथे बातमी जायला सहा दिवस लागतात.

"आज डोळे," मस्यू म्हणाले.

"नको, मस्यू." मी पत्रं दाखवली.

त्यांनी चष्मा लावून ती वाचली. "ताप येऊन गेला असेल. तुमच्या पाद्रीबुवांना तारखा बरोबर लिहिता येतात, याचंच मला नवल वाटतं." मग जरा मऊ आवाजात, "अहो, शेवटी परत देणारच आहोत ना आपण?"

तेवढ्यावर मी लिहिलं. नंतर स्पर्श गेल्याचंही लिहिलं. चव त्यांनी राहू दिली. दूध तुटलं तर उदाहरण मरेल, म्हणाले.

एप्रिलमध्ये शेवटच्या प्रकरणापाशी ते थांबले.

"हे नको. सिद्ध करायचं ते झालं. परत देणं वाचक मनातल्या मनात करेल."

"चार ओळी तरी, मस्यू."

"चार ओळींनी युक्तिवाद ढिला पडतो."

त्या चार ओळी मीच लिहिल्या. छापायला जाणारी प्रत माझ्याच अक्षरात होती. ॲमस्टरडॅमहून मुद्रितं आली तेव्हा मस्यूंनी त्या खोडल्या. रागावले नाहीत. "दमलात तुम्ही," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये मी जावोतच्या गावी गेले.

"त्रास म्हणून नाही बघा पोराचा," जावोत म्हणाली. "पितो, वाढतो. रडत तर कधीच नाही." आणि तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं.

केवढा जड झाला होता. मी झबलं काढलं, त्याला उघड्या छातीशी धरलं, तळवे चोळले, कानात नाव घेतलं. डोळे उघडे होते. मी त्यांत होते आणि त्याला दिसत नव्हते.

अंगणाच्या पलीकडे, अक्रोडाखाली, पाद्रीबुवा पुस्तक उघडून बसले होते.

"तुमच्या मस्यूंचंच," जावोत म्हणाली. "सरदारांच्या हवेलीतून मागून आणलंय."

ते मनातल्या मनात वाचत होते.

बास्त्यांचे ओठ हलायला लागले.

दूध मागत असेल म्हणून मी खाली वाकले. आवाज नव्हता. ओठ मात्र शब्द घडवत होते, एकामागून एक, सावकाश. चार महिन्यांचं मूल.

ते शब्द मला पाठ होते. मस्यूंनी सांगितलेले, मीच लिहून घेतले होते.

पाद्रीबुवांनी बोट ओलं करून पान उलटलं. तेवढा वेळ ओठ थांबले.