गुडघ्यांखालची उशी

मावळातल्या फुलांच्या पॉलिहाउसमध्ये कुणी बसून काम करायचं आणि कुणी वाकून जरबेरा तोडायचा, हे आता मुकादम ठरवत नसे. ते वेदनांक ठरवायचा. वेदनांक चाळीसच्या वर असलेल्या बाईला पॅकिंगच्या टेबलाशी स्टूल, खाली असलेल्या बाईला वाफे. त्यामुळे भांडणं मिटली, वशिला संपला, आणि कंबर धरून कण्हणाऱ्याकडे वळून पाहण्याचं कारणही उरलं नाही. दुखत असेल तर आकडा असणारच.

हा आकडा शोधणारे डॉ. सुयोग शेलार तळेगावचेच. त्याआधी काय गंमत होती, ती ऐकण्यासारखी आहे. आपल्या मणक्यांच्या मधे गादीसारख्या चकत्या असतात. चकतीची कड फाटली, की आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारची नस दाबतो. एमआरआयच्या चित्रात हा गर स्वच्छ दिसतो. दिसत नाही ती वेदना. एखाद्याची चकती पार बाहेर आलेली असे आणि गडी खुशाल पोती उचलत असे. दुसऱ्याच्या चित्रात नावालाच फुगवटा, आणि माणूस कळवळत असे. डॉक्टर त्याला चित्र दाखवून घरी पाठवायचे. सुयोगने एकाच वेळी दोन ठिकाणी पाहणारं एमआरआय यंत्र बनवलं. कंबरेतल्या दबलेल्या नसेची चिडचिड आणि त्याच क्षणी मेंदूत उमटणारं तिचं गाऱ्हाणं, दोन्ही मोजून ते शून्य ते शंभरमधला एक आकडा देई. तोच वेदनांक. दहा वर्षांत कारखाने, शाळा, कोर्टकचेऱ्या सगळ्यांनी तो मान्य केला.

सुयोगची आई लवकर गेली. त्याला वाढवलं ते रोहिणीवहिनीने. पॉलिहाउसमध्ये फुलं तोडून तिने दिराचं शिक्षण पुरं केलं. तीन वर्षांपूर्वी गौरीच्या जेवणाला वाढता वाढता ती भिंतीला टेकली आणि कंबर फार दुखते, स्टूलचं काम मिळेल का, असं तिने हळूच विचारलं. सुयोगने पंगतीतच फोनवर तिचा अहवाल काढला आणि मोठ्याने वाचला.

"नऊ. वहिनी, नऊला दुखणं म्हणत नाहीत, कंटाळा म्हणतात."

पंगत हसली. दादा तर ठसका लागेपर्यंत हसला. वहिनीही हसली आणि भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकली. त्यानंतर तिने कंबरेचा विषय काढला नाही, आणि आपले हे डॉक्टर समजले की ती बरी झाली.

यंदा ती वार्षिक तपासणीला सुयोगच्या केंद्रात आली, तेव्हा तिथली उशी नव्हती. यंत्रात झोपवताना गुडघ्यांखाली ठेवायची ती जाड उशी. तिची शिवण उसवली म्हणून ती दुरुस्तीला गेली होती. तंत्रज्ञ फरीदाने चुकचुकत वहिनीला सरळ पाय करून झोपवलं. वहिनी ओठ दाबून पडून राहिली. पडद्यावर आकडा आला, त्र्याऐंशी.

यंत्र बिघडलं असणार, असं सुयोग म्हणाला. पुन्हा घेऊ या. या वेळी फरीदाने दोन ब्लँकेटं दुमडून वहिनीच्या गुडघ्यांखाली सारली. अकरा. सुयोगने ब्लँकेटं काढायला लावली. चौऱ्याऐंशी.

तो खुर्चीत बसला. प्रयोगशाळेत वेदनांक बसवताना सगळी माणसं सरळ झोपवली होती. गावोगावी केंद्रं निघाल्यावर मात्र दुखणाईत माणसांना सरळ झोपवेना. ती हलत, आणि चित्र पुसट येई. तेव्हा त्यानेच नियमावलीत एक ओळ घातली होती, गुडघ्यांखाली उशी द्यावी. पाय वर उचलले की कंबरेचा बाक सैलावतो, नसेला जागा मिळते आणि ती शांत होते. यंत्र खोटं बोललंच नव्हतं. ती वीस मिनिटं माणसाला खरंच दुखत नसे, आणि तेवढीच वीस मिनिटं त्याने मोजली होती.

"ज्याला जास्त त्रास, त्याला मी जास्त उंच उशी देते, सर," फरीदा म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना."

सुयोगला मान वर करवेना. पण लाजेच्याही आधी त्याच्या मनात एक विचार आला, आणि त्या विचाराची लाज त्याला जन्मभर पुरली. वहिनीच्या कागदावर त्र्याऐंशी छापून द्यावं, तिला स्टूल मिळेल. उद्या उशी परत येईल. बाकीच्या लाखो लोकांना कळणार कसं? त्याचा हात छपाईच्या बटणापर्यंत गेलासुद्धा. मग पातेलं घेऊन पुढे सरकणारी वहिनी त्याला आठवली आणि त्याने हात मागे घेतला. वेदनांकावर देखरेख करणाऱ्या वेदना मंडळाला त्याने तिथल्या तिथे कळवलं, आजवरचे सगळे आकडे रद्द धरा, चूक माझी आहे. तो निरोप गेल्यावर तो आत वहिनीकडे आला.

"वहिनी, मी चुकलो. तुम्हाला खरंच दुखत होतं. इतकी वर्षं."

"छे हो, भाऊजी. नऊच तर होतं. मीच उगाच मनाला लावून घेत होते. आता नाही घेत."

झोपता कशा, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. वाफ्यात? दुपारनंतर रांगत. सवय झाली आहे, असं तिने शेजारणीचं काही सांगावं तसं सांगितलं. दादाला माहीत होतं का, हे विचारायचा धीर सुयोगला झाला नाही. पंगतीत जे त्याने केलं, त्यानंतर ती कुणाला काय सांगणार होती? त्याला स्वतःची किळस आली.

त्याने पडदा बंद केला.

"यंत्र राहू द्या. आता, अशा उभ्या आहात, तर किती दुखतंय ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

वहिनीने मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, हात कंबरेवर ठेवला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि डावा पाय जमिनीला जेमतेम टेकत होता. मग डोळे उघडून ती ओशाळली.

"मला कसं कळायचं, भाऊजी?" ती म्हणाली. "तुम्हीच बघून सांगा ना."