फिरकीला लागलेले टेलरमास्तर

पैज लावा, यातला एक शब्दही तुम्ही खरा मानणार नाही. नका मानू! टेलरमास्तरांच्या दुकानात, कपडे न्यायला आलेल्यांच्या बाकावर बसून मी हे सांगितलं, तेव्हा तिथंही कुणी मानलं नाही. आणि ज्यांची ही कथा ते मास्तर स्वतः समोर मशीन चालवत होते!

मोहीम एकाच कामाची. डोंगरातल्या घळीत, धबधब्याच्या पायथ्याशी एक डोह आहे. त्यात राहायचा एक मासा. त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. ज्याने ज्याने गळ टाकला, त्याचा गळ आजोबांनी सरळ करून परत पाठवलेला! त्या आजोबांना घरी आणायचं म्हणून आम्ही निघालो. मी, टेलरमास्तर आणि माझा मेहुणा. मेहुणा बस चालवतो, आणि मासेमारीचं रीळही बससारखंच चालवतो.

वाट कसली, शेवाळलेले दगड नुसते! एका कड्यावर मेहुण्याचा पाय सटकला, डब्यांची पिशवी दरीत गेली. पुढे गांधीलमाश्यांनी आमचा असा काही पाहुणचार केला की माझा डावा कान वाटीएवढा झाला. “भाऊजी, परत फिरू या,” मेहुणा कळवळला. “तू फिर. कान सुजलाय, हात नाही!” मी म्हणालो.

डोह दिसला आणि दुखणं पळालं. हिरवंगार, खोल, गप्प पाणी. वरून धबधब्याचे तुषार, आणि मधोमध एक काळा खडक. मी फिरकी बांधली. फिरकी म्हणजे तारेवर गरगरणारी पितळी पत्ती, मागे तीन टोकांचा गळ. ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी फेकायची, बुडू द्यायची, मग रीळ इतकं सावकाश फिरवायचं की पत्ती जेमतेम फिरत राहील. ती फिरते तेव्हा मांडीवरचं मांजर घुरघुरावं तशी थरथर काठीतून तळहातात उतरते. थरथर थांबली, तर शेवाळ. नाहीतर मासा!

मेहुण्याला हे कोण सांगणार? फेकली की खरर्रकन ओढली!

“अरे, शेवटची गाडी सुटतेय का तुझी?” मी ओरडलो. “फिरकी पाण्यावर उड्या मारतेय. मासे हसतायत!”

शेवटी त्याची फिरकी त्या काळ्या खडकाला अडकली आणि हिसके देता देता काठीच मोडली. “थांबा, मी सोडवतो,” म्हणत मास्तर दगडादगडांवरून खडकावर गेले. पोहायला येत नाही, तरी गेले!

आणि नेमकी तेव्हाच माझ्या तळहातातली घुरघुर थांबली.

हिसका! काठी वाकली! रीळ किंचाळलं! पाण्यात एक काळी पाठ उलटली. आजोबा! मी वाळूत टाचा रोवल्या. तो ओढतोय, मी ओढतोय. तेवढ्यात मेहुणा किंचाळला, “भाऊजी, पाणी!”

वर कुठेतरी पाऊस झाला असावा. हिरवं पाणी बघता बघता तांबडं झालं. मास्तर ज्या दगडांवरून गेले ते बुडाले. मास्तरांचे घोटे बुडाले. गुडघे बुडाले!

“सांग, सांग,” मशीन न थांबवता मास्तर म्हणाले. बाकावरच्या एक बाई मात्र पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या.

तर सांगतो. आणलेल्या दोन काठ्यांपैकी उरलेली एकच, आणि तिला आजोबा लागलेला! “मासा की मास्तर?” मेहुणा ओरडला. मी क्षणभरही विचार केला नाही. दाताने दोरा तोडला! गेला आजोबा. दुसरी फिरकी बांधली आणि फेकली. वाऱ्याने उडवली. पाणी मास्तरांच्या कमरेला लागलं. पुन्हा फेकली! खडकाच्या पलीकडे पडली. हळूच मागे घेतली आणि गळ बसला, बरोब्बर पँटच्या बुडाला!

“सोड खडक! झोकून दे अंग!”

मास्तर प्रवाहात पडले. “ओढा, भाऊजी, ओढा!” मेहुणा नाचायला लागला. “गप! ओढलं तर कापड फाटेल!” मी रीळ फिरकीच्या चालीनेच फिरवलं. सावकाश. अगदी सावकाश. पाण्यालाच त्यांना तिरकं वाहू दिलं, मी फक्त दोरा ताठ ठेवला. वळसा घेत घेत मास्तर काठाच्या शांत पाण्यात आले आणि मेहुण्याने त्यांची कॉलर पकडली. वाचले! आणि खोटं कशाला सांगू, बाहेर काढले तेव्हाही ते पत्तीसारखे गरगर फिरत होते!

मशीन थांबलं.

“झालं?” मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “थापाड्या! ती पँट मी या हातांनी रफू केलीय. माझ्यासारखे दोघं मावतील एवढी तिची कंबर! खडकावरून ‘मास्तर, वाचव रे’ म्हणून बोंबलत होतास तो तू! आणि आजोबा लागला होता माझ्या काठीला. जन्मभर वाट बघून एकदाच लागला होता, आणि तो दोरा मी कापला, तुझ्यापायी!”