लखनचा हात

त्या सकाळी योगेंद्रला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो.

राज्याच्या सायकलिंग संघात एक जागा. जागेमागे मेडल. मेडलमागे खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी. आणि नोकरी लागली की मुलीवाले आपल्या पायांनी दारात.

अडचण एकच होती. लखन.

लखन त्याचा सरावातला जोडीदार, आणि त्याच्यापेक्षा वेगवान.

योगेंद्र माझा आतेभाऊ. यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं त्याने मला एकदाच सांगितलं. खोटं वाटलं तर पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर जाऊन कोणालाही विचारा.

ऊसतोडीचे दिवस होते. पहाटेचं दाट धुकं.

"आज तू पुढे ऱ्हा भो, मी मांगे शे," लखन हसत म्हणाला. "दमनास ते सांग, तुले ढकलत लई जासू!"

मागचा सायकलवाला पुढच्याच्या चाकाला चिकटून चालतो, म्हणजे वारा लागत नाही. पण त्याला रस्ताही दिसत नाही. म्हणून पुढच्याने कंबरेमागे हात नेऊन बाजू दाखवायची. हात दिसला की मागच्याने डोळे मिटून वळायचं.

धुक्यात उसाची ट्रॉली उभी होती. दिवा नाही, काही नाही.

योगेंद्रला ती दिसली. तो उजवीकडे निसटला.

हात मात्र हँडलवरच राहिला.

लखनच्या मनगटाला आईने, रेवाबाईने, काळा दोरा बांधला होता. तो दोराही तुटला नाही. लखन तेवढा गेला.

"धुकामा दखायनंच नई," योगेंद्र रडून सांगत होता. सगळ्यांना पटलं. त्याचं रडणंही छान होतं.

जागा त्याला मिळाली.

मग एकदा सरावात मागून आवाज आला…

टिक टिक टिक.

पायडल थांबवलं की सायकलचं मागचं चाक तसं वाजतं. पण योगेंद्र तर जोरात पायडल मारत होता.

मागे वळून पाहिलं… कोणी नाही.

पुढे ट्रॅकच्या शर्यतीतही तेच. ट्रॅकच्या सायकलचं चाक पायडलला बांधलेलं असतं, ती टिकटिकतच नाही. तरी मागून, अगदी चाकाला चिकटून…

टिक टिक टिक.

घाबरून तो असा पळाला की पहिला आला. पुढच्या शर्यतीतही तसाच. पेपरवाल्यांनी लिहिलं, काय जिद्द आहे! नोकरी लागली. साखरपुडा झाला. भूत एवढं कामाला आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याच्या धाकट्या बहिणीने, दामिनीने, सायकल धरली. भावापेक्षा सरस निघाली.

निवड चाचणीआधी तो तिला त्याच रस्त्यावर घेऊन गेला. उजेड पडलेला. धुकं नाही.

"नजर फक्त मन्हा हातवर ठेव," त्याने बजावलं.

निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं… आज मागे टिकटिक नाही.

किती दिवसांनी! त्याने मोकळा श्वास घेतला.

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याच्या बाजूने, सावकाश. योगेंद्र सरळ चालला होता. ट्रॅक्टर बाजूने गेला.

आणि मागे ती किंकाळी…

दवाखान्यात दामिनी शुद्धीवर आली, तेव्हा मी तिथेच होतो.

"तू उजवीकडे हात दखाडा ना, दादा? तो देखीसनच वळनू मी."

"मन्हा दोन्ही हात हँडलवर व्हतात, दामू."

ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली.

"मंग तो काळा दोरा… तू कवय सोडा?"

योगेंद्रने आयुष्यात मनगटाला काही बांधलेलं नाही, मग सोडणार कधी?

लखन का आला, आणि हिच्याकडे का, मला माहीत नाही. सूडच घ्यायचा तर माणूस समोर होता.

लखनने जीव दिला. रेवाबाईने लेक दिला. दामिनीने गुडघ्याखालचा पाय दिला.

योगेंद्रच्या अंगावर आजवर ओरखडा नाही. मागच्या महिन्यात बढती झाली.

लोक त्याच्या मागे मागे फिरतात.

मी त्याच्या मागून चालत नाही…